पांढरा सोडलेला भाग

"सही तू केलीस."

"सही माझी नसते, दादा. मी फक्त रेघा काढते."

"काढतेस ना? मग झालं तर. कुऱ्हाड काही सही बघून पडत नाही, रेघ बघून पडते."

"अजून काही पडलेलं नाही. आराखडा आहे हा. मंजूर व्हायचाय."

"व्हायचाय," दादा म्हणाला. "म्हणजे होणार नाही असं नाही."

तो बसलाच नव्हता. ओला कोट अंगावर तसाच होता आणि त्याच्या टोकाचं पाणी फरशीवर ठिपकत होतं, नेमकं तिथं, जिथं तिनं सकाळीच पुसून घेतलं होतं. वहिनी मात्र आल्या आल्या पलंगाच्या कडेला टेकली होती आणि पिशवीतून मटारच्या शेंगा काढून सोलायला लागली होती. भांडण केवढंही असो, हातांना काम हवं, असा तिचा शिरस्ता होता.

टेबलावर डोंगराचा नकाशा पसरला होता. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वजनं होती: कात्री, साखरेचा डबा, चष्म्याचं घर आणि थंड इस्त्री. मधोमध, शिखराच्या जरा खाली, लाल रेघांचा एक मोठा पट्टा.

"लाल म्हणजे काय गं?" वहिनीनं मान लांब करून विचारलं.

"पहिल्या वर्षी काढायची झाडं. तिरप्या रेघा आहेत ती दुसऱ्या वर्षी, ठिपक्यांची तिसऱ्या."

"आणि हे निळं निळं?"

"चर बुजवायच्या जागा. पाणी वाहून जाऊ नये, मुरावं म्हणून."

"म्हणजे ह्यांनी खणलेला चर."

"हो."

वहिनीनं एक शेंग फोडली. "छान आहे, वन्सं. एकाच घरानं खणायचं आणि त्याच घरानं बुजवायचं. बाहेरच्यांना कशाला त्रास."

दादा हसला नाही. एरवी वहिनीच्या बोलण्यावर तो उशिरा का होईना, हसायचा. त्यानं नकाशावर बोट ठेवलं, लाल पट्ट्याच्या ऐन मध्यावर, आणि म्हणाला, "परवा समितीपुढे सुनावणी आहे ना? मी येणार आहे."

"तू?"

"का, झाडं लावणाऱ्याला विचारायला नको? साडेनऊ हजार झाडं, धाकटे. मी उभा राहून सांगणार, की तिथं काहीही नव्हतं. उघडी ओसाड जागा होती. मी लावलं म्हणून तिथं काही झालं. ज्या माणसानं तीस वर्षं राखण केली तो सांगतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?"

कोणीच नाही म्हणणार नव्हतं. हे तिला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. समितीला झाडं तोडायची नव्हतीच, नुसतं एक निमित्त हवं होतं, आणि हा माणूस स्वतःच्या पायांनी चालत जाऊन ते त्यांच्या हातात ठेवणार होता.

अडचण एवढीच होती, की ज्या टेबलाला ती टेकून उभी होती त्याच्या खणात एक कागद होता, आणि त्या कागदावर ह्याच माणसाच्या अक्षरात नेमकं उलटं लिहिलेलं होतं.

तिला कचेरीत सगळे नकाशेबाई म्हणत. शिपायापासून साहेबापर्यंत. निवृत्तीला चार महिने राहिले होते, तरी खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठं निघत नसे. वनखात्याच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर एक लांबोडकी खोली होती, तिला उत्तरेकडं सात खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीशी एक उतरतं टेबल. एके काळी सातही टेबलांवर माणसं वाकलेली असायची. मग कॉम्प्युटर आले, माणसं गेली, टेबलांवर कुंड्या आल्या. ती तेवढी राहिली, कारण जुने नकाशे कुठल्या खणात आहेत आणि त्यांतला कुठला खोटं बोलतो, हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

ती नऊ वर्षांची होती तेव्हा वडील गेले. दादा सोळाचा. त्यानं शाळेचं दप्तर खुंटीला अडकवलं ते कायमचंच, आणि वनरक्षकाची टोपी डोक्यावर चढवली. टोपी मोठी होती, कानांवर टेकायची. दिवसभर डोंगर तुडवून तो संध्याकाळी घरी यायचा, बूट काढून पाय कोमट पाण्यात सोडायचा आणि म्हणायचा, "हं, धाकटे, वाच." ती धडा मोठ्यानं वाचायची. भूगोल, इतिहास, जे असेल ते. तो डोळे मिटून ऐकायचा. कधी झोपलाय असं वाटून ती थांबली की लगेच एक डोळा उघडायचा. "पुढं नदीचं काय झालं?" लग्नात वहिनीला त्यानं सांगितलं होतं, "मी शिकलो नाही असं समजू नकोस. धाकटीच्या तोंडून सगळी शाळा पूर्ण केलीय मी."

वाचणं कानांनी होतं. लिहिणं मात्र हातांनीच करावं लागतं. त्याचं अक्षर सोळाव्या वर्षी जिथं होतं तिथंच राहिलं. पेन्सिल जिभेला लावून तो एकेक अक्षर असं कोरायचा, की कागदाच्या मागच्या बाजूनं ते बोटांना लागायचं.

ती नकाशे काढायला शिकली ती त्याच्याच हट्टापायी. पहिली आली. खात्यात जागा निघाली. मुलाखतीच्या दिवशी तो बाहेरच्या बाकावर तिच्यापेक्षा ताठ बसला होता.

नकाशांच्या खोलीचे मुख्य होते मास्तर. बुटके, कडक इस्त्रीचे, शाईचा एक डागही अंगावर नसलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्यापुढं रंगांच्या चार वाट्या ठेवल्या. "झाडं हिरवी. पाणी निळं. वस्ती तांबडी. खडक करडा. ह्या चारांत जे बसत नाही ते पांढरं सोडायचं."

"आणि गवत, सर? डोंगरावर कुरणं आहेत ना?"

"गवताला रंग नाही," मास्तर म्हणाले.

ती पहिला डोंगर काढत होती त्याच हंगामात सगळ्या वनरक्षकांना आपापल्या हद्दीची माहिती भरून द्यायची होती. छापील तक्ता होता. झाडाची जात, झाडांची संख्या, बुंध्याचा घेर. दादाच्या हद्दीत शिखराखालचं ते मोठं कुरण येत होतं. तिथला तक्ता त्यानं प्रामाणिकपणे भरला. शून्य. शून्य. शून्य. आणि मग बहुतेक त्याला ते शून्य डाचायला लागलं असावं, कारण त्यानं रजेच्या अर्जाचा एक कोरा कागद घेतला आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून काढलं.

तो ते घेऊन कचेरीत आला. सात टेबलं, सात माणसं, आणि दारात हा, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. टोपी काढून हातात धरलेली.

"हे नकाशात जाईल ना, धाकटे? तक्त्यात ह्याला जागाच नाही."

शेजारच्या टेबलावरचा माणूस मान वाकडी करून कागदाकडं बघत होता. "नकाशेबाई," तो म्हणाला, "बंधूंनी कविता केलेली दिसतेय." खोली हसली. मास्तरसुद्धा, मिशीत. दादाही हसला, कारण सगळे हसत होते. आणि तीही हसली.

"देते वर," ती म्हणाली.

तो गेला. तिनं कागद खणात टाकला. मग खणाच्या तळाशी अंथरलेल्या कागदाखाली सरकवला. दुसऱ्या दिवशी देऊ, मास्तर एकटे असताना देऊ, आपण नीट अक्षरात उतरवून देऊ. दिला नाही. नकाशा पूर्ण झाला आणि शिखराखाली हाताच्या पंजाएवढा भाग पांढरा राहिला. पुढं कित्येक वर्षं ती स्वतःला सांगत आली, की तक्त्यात रकाना नव्हता, मी नवीन होते, भावाची चिठ्ठी पुढं केली असती तर वशिल्याची म्हणून हिणवलं असतं. हे सगळं खरंही होतं. पण त्याच्याही तळाशी, कागदाखालच्या कागदासारखं, दुसरंच होतं. तिला त्या अक्षराची लाज वाटली होती. आणि ते अक्षर तसं का राहिलं, हे त्या खोलीत एकट्या तिलाच माहीत होतं.

दीड वर्षानं हुकूम निघाला. डोंगरावरच्या सगळ्या रिकाम्या क्षेत्रात झाडं लावायची. रिकामं म्हणजे कुठलं, हे ठरवायला कोणी डोंगर चढलं नाही. नकाशे काढले आणि पांढरं पांढरं मोजून घेतलं.

दादा त्या दिवशी घरी आला, पाय पाण्यात सोडले आणि म्हणाला, "वाचलं असेल ना त्यांनी माझं?"

"वाचलं असेल," ती म्हणाली.

"मग त्यांना माझ्याहून जास्त कळत असेल."

बास. एवढंच. त्यानंतर त्यानं शंका काढली नाही. पहिल्या वर्षी लावलेली पाइनची रोपं पाण्यात उभी राहून कुजली, तर वरून सांगितलं, चर खणा, पाणी काढून द्या. त्यानं खणला, दोन हंगाम, माणसांबरोबर स्वतः कुदळ मारून. मग रोपं धरली. हरणांनी कुरतडू नयेत म्हणून त्यानं बुंध्यांना गोणपाट बांधलं. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीनं तो डोंगरावरच राहायचा. माणूस ज्या कामात हयात घालतो त्याच्यावर त्याचा जीव जडतोच, कारण नाही जडला तर त्या हयातीचं करायचं काय? खात्यानं त्याला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, खाली पितळी पट्टी, पट्टीवर नाव. ते पाच मिनिटं मागं पडतं. वहिनी म्हणायची, "खात्याचंच आहे, वेळेवर कसं येईल." पण दादानं ते कधी दुरुस्तीला टाकलं नाही. भिंतीवरून उतरवायचंच नव्हतं त्याला.

निवृत्त झाला त्या दिवशी जेवताना तो तिला म्हणाला होता, "आठवतं? मी झाडं लावू नका म्हणून लिहून दिलं होतं. बरं झालं बाई, त्यांनी माझं ऐकलं नाही." आणि मोकळा हसला होता.

सांगायचं तर त्या दिवशी सांगायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. तिनं भाजीचं भांडं त्याच्याकडं सरकवलं आणि म्हणाली, "घे ना अजून."

आराखड्याचं काम निघालं ते गेल्या वर्षी, नवीन मॅडम आल्या तेव्हा. जेमतेम तिशीच्या. साहेबांच्या बैठकीलासुद्धा चिखलाच्या बुटांनी जायच्या, म्हणून शिपायानं त्यांचं नाव बूटवाली ठेवलं. डोंगराखालच्या वस्तीचा झरा दर उन्हाळ्यात आटायला लागला होता, आणि तो का आटतो ह्याचा शोध घेत मॅडम वर वर चढत गेल्या ते थेट दादाच्या झाडांपर्यंत पोचल्या. मग एके दिवशी नकाशेबाईंच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर वर चला."

"मी? मॅडम, मी कधी गेलेली नाही."

"इतकी वर्षं तोच डोंगर काढताय आणि एकदाही गेला नाहीत?"

"नरकाचं चित्र काढणारा कुठं नरकात जाऊन येतो?"

मॅडम हसल्या, पण ऐकलं नाही.

निघताना तिनं कचेरीतल्या खणाच्या तळातून तो कागद काढला आणि पर्समध्ये ठेवला. का, ते तिला सांगता आलं नसतं.

वर पोचायला चार तास लागले. दादाचं रान सरळ रांगांत उभं होतं, शाळेच्या प्रार्थनेला उभं केल्यासारखं. आत शिरल्यावर आवाजच बंद झाला. खालच्या फांद्या सगळ्या वाळलेल्या, जमिनीवर वाळक्या सुयांचा जाड थर, आणि त्यात एक पातं उगवलेलं नाही. एका बुंध्यावर गोणपाटाची चिंधी अजून होती, खोडानं अर्धी गिळलेली. तिनं तिला हात लावला. ही गाठ तिला ओळखीची होती. लहानपणी तिच्या बुटांच्या नाड्या दादा अशाच बांधायचा.

मॅडमकडं टोकाला पीळ असलेला एक लोखंडी गज होता. तो जमिनीत फिरवून त्या माती वर काढायच्या. सुयांखाली काळीभोर माती निघाली, लोण्यासारखी मऊ. "हे बघा, हातभर खोल आहे. पाण्यात गवताची मुळं पिढ्यान्‌पिढ्या साचत गेली की अशी माती होते. स्पंजच म्हणा. पाऊस पिऊन ठेवायची आणि उन्हाळ्यात खाली थोडं थोडं सोडायची. आपण तिला चर मारून निथळत ठेवली."

"आपण," ती म्हणाली.

"खात्यानं हो. तुम्ही नाही."

पलीकडं एका काळ्या खडकामागं, जिथं चर पोचला नव्हता, तिथं एका खोलीएवढं कुरण उरलं होतं. एवढंच. कमरेइतकं गवत आणि त्यात निळी फुलं, वाऱ्यानं एकदम सगळी एका अंगाला झुकणारी. पाऊल टाकलं तर बुटाभोवती पाणी वर आलं. मॅडम उत्साहानं सांगत होत्या, की हे गवत बी धरल्यावर कापायचं, झाडं काढलेल्या जागेवर पसरायचं, कुंपण घालून काही वर्षं गुरं आत येऊ द्यायची नाहीत, चर जागोजाग बुजवायचा. पंधरा वर्षं लागतील. झालं तर होईल. पण चरात पाणी मुळात कुठून येतं, ते झरे नेमके सापडायला हवेत.

तिनं पाठ वळवून पर्समध्ये बघितलं. *काळ्या खडकापासून सूर्य उगवतो तिकडं चाळीस पावलं.* ती चालायला लागली. दादाची पावलं लांब, म्हणून तिनं आपली थोडी वाढवून टाकली. चाळीस. "इथं बघा, मॅडम."

गज आत गेला आणि भोकातून पाणी बुडबुडत वर आलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज," ती म्हणाली. आयुष्यात त्या कागदाबद्दल ती दुसऱ्यांदा खोटं बोलली.

त्या दिवशी तिनं असे अकरा अंदाज केले. अकराही खरे निघाले. बारावी जागा मात्र मॅडमना त्यांची त्यांनाच सापडली असं वाटलं, चराच्या खालच्या वळणावर, एका खोलगटात. जमीन तिथं थरथरत होती, पण गज तीनदा दगडावर आपटला. कागदावर तिथं काही नव्हतं. मॅडमनी वहीत प्रश्नचिन्ह काढलं आणि ती जागा सोडून दिली.

उतरताना मॅडम दमल्या होत्या, जरा खचल्याही होत्या. "समिती म्हणते पुरावा आणा. तिथं आधी जंगलच होतं आणि कोणीतरी तोडलं होतं, असं धरून बसलेत. माती दाखवली तर म्हणतात माती काय साक्ष देते? विमानातून काढलेला त्या काळचा एकच फोटो आहे आणि त्यात नेमका तिथंच ढग. नकाशावर पांढरं. कोणी एकानं, एका माणसानं तरी तेव्हा बघून दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या ना."

"पांढरं मी सोडलं होतं," ती म्हणाली.

"तुमचा काय दोष? तुमच्यापर्यंत जे आलं ते तुम्ही काढलंत."

ह्या एका वाक्यानं तिची पुढची दोन महिन्यांची झोप नेली. कागद कचेरीत परत गेला नाही, घरच्या टेबलाच्या खणात पडून राहिला.

"ऐकतेयस ना?" दादा म्हणाला. "परवा दहा वाजता. कोट धुवायला टाकलाय म्हणून हा जुना घातलाय. परवा चांगला घालून येईन."

ती ऐकत होती. दुसरे मार्गही तिनं हजारदा चालून बघितले होते. कागद गुपचूप मॅडमच्या हातात द्यावा, तर परवा तो समितीपुढं वाचला जाणार, आणि हा चांगला कोट घालून उभा राहून म्हणणार तिथं काही नव्हतं, आणि लोक एकदा कागदाकडं आणि एकदा त्याच्याकडं बघणार. पुन्हा एकदा खोली हसणार. कागद फाडून टाकावा, तर ते खोलीएवढं गवतही काही वर्षांनी जाणार.

तिनं खण उघडला आणि कागद त्याच्यापुढं ठेवला.

"हे काय?"

"बघ."

त्यानं तो उचलला, दूर धरला, अजून दूर धरला. चष्मा घरी राहिला होता. "अहो, वन्संचा घ्या ना, तिथंच तर आहे," वहिनी म्हणाली. पण त्यानं कागद धाकटीकडं परत दिला. "तू वाच."

मग तो पहिल्यांदा खुर्चीत बसला. डोळे मिटले. आणि ती वाचायला लागली, मोठ्यानं, जशी पूर्वी वाचायची.

"'साहेबांस. इथं झाड नाही म्हणून तक्त्यात शून्य लिहिलं आहे, पण जागा रिकामी नाही. गवत कमरेइतकं आहे, त्यात निळं फूल येतं. पाऊल टाकलं की पाणी वर येतं. अकरा ठिकाणी झरे मी स्वतः मोजले, खाली फुल्या करून शेजारी पावलं लिहिली आहेत. खालच्या वस्तीचं पाणी इथूनच जातं असं माझं मत आहे. इथं झाडं लावू नयेत. लावायची झाली तर खालच्या उतारावर लावावी. चूकभूल माफ असावी.'"

तिनं वाचन संपवलं तरी त्यानं डोळे उघडले नाहीत.

"चांगलं लिहिलं होतं की," वहिनी हळूच म्हणाली.

"हा त्यांच्याकडून परत कधी आला?" दादानं विचारलं.

"परत नाही आला. गेलाच नव्हता."

"म्हणजे?"

"मी दिलाच नाही, दादा."

वहिनीचे हात थांबले. एक दाणा घरंगळत जाऊन इस्त्रीला अडला.

"तू म्हणालीस, देते वर."

"म्हणाले."

"मग का नाही दिलास?"

रकाना नव्हता. मास्तर कडक होते. मी नवीन होते. सगळं ओळीनं तयार होतं, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत केलेलं. तिनं त्यातलं काही उचललं नाही. "तुझं अक्षर," ती म्हणाली. "सगळे हसले होते. मीही हसले. मला ते कोणाला दाखवायची लाज वाटली."

बाहेर जिन्यावरून कोणीतरी वर गेलं, किल्ल्या वाजल्या, दार लागलं. दादानं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं, तळवा, मग मागची बाजू, जसं काही तो हात दुसऱ्याच कोणाचा असावा.

"म्हणजे कोणी नाही म्हणालंच नव्हतं," तो म्हणाला.

"नाही."

"मला वाटायचं, कोणी शिकलेला माणूस असेल. त्यानं नीट वाचलं असेल, विचार केला असेल. मग ठरवलं असेल की ह्याचं चुकतंय. मी पुष्कळदा त्या माणसाशी बोलायचो वर. एकटाच असायचो ना. म्हणायचो, बघा साहेब, तुमचं खरं निघालं."

"दादा..."

त्यानं हात वर करून तिला थांबवलं. खुर्ची पुढं ओढली, नकाशा आपल्याकडं जरा फिरवला आणि त्यावर वाकला. चष्मा नसल्यानं नाक कागदाला टेकायला आलं होतं. बोट शिखरापासून निघालं, काळ्या खडकाशी आलं, चराच्या रेघेवरून सावकाश खाली उतरलं आणि खालच्या वळणावर थांबलं, जिथं निळं काहीच नव्हतं. तिच्या पेल्यातली पेन्सिल त्यानं उचलली. जिभेला लावली. आणि त्या स्वच्छ नकाशावर, जोर देऊन, एक फुली मारली.

"हा बारावा," तो म्हणाला. "चर खणताना लागला. कुदळ मारली आणि गुडघ्याएवढं पाणी उसळलं. दोन दिवस थांबेना. माणसं घाबरली. मग दगड भरभरून दाबला त्याला. बुटवाल्या बाईला सांग, आधी ते दगड काढायचे, नाहीतर बाकीचं सगळं फुकट जाईल."

आत्ता, इतक्या वर्षांनी, तिचे डोळे भरून आले. आणि डोळे भरले की माणूस नको ते विचारतो. "एवढा मोठा झरा सापडला होता," ती म्हणाली, "मग मला तेव्हा का नाही सांगितलंस? तेव्हा तरी?"

दादानं पेन्सिल नकाशाच्या कडेला ठेवली, कडेशी अगदी समांतर, जशी ती नेहमी ठेवायची. तो उठला. तिच्याकडं बघितलं, रागानं नाही, नुसतंच, अनोळखी गावात पाटी वाचावी तसं. मग ओल्या कोटाची बटणं खालून वर एकेक करून लावली, सगळी, गळ्यापर्यंत.

"अहो," वहिनी म्हणाली, "ती काही विचारतेय."

दार उघडलं. जिन्याच्या पायऱ्या अठ्ठावीस होत्या. त्या तिनं सगळ्या ऐकल्या.